खडूच्या चार खुणा

मला मदत केली ती नागपूरच्या धंतोलीतल्या बोकारे सरांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना थोडी हसणार आहे.

मी वेंगुर्ल्याकडची, शाळा सातवीत सुटलेली. सरांकडे स्वयंपाक आणि झाडलोट करते. पहिल्याच दिवशी झाडताना व्हरांड्यातली वेताची खुर्ची सरकवली, तर हा रिटायर झालेला प्राध्यापक लहान मुलासारखा धावत आला. खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूच्या खुणा होत्या. ती बरोबर खुणांवर येईपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही.

सर नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांतून उसळणाऱ्या वायूचा वेग मोजतात. घरी बसून, कॉम्प्युटरवर. असे तारे म्हणे धुळीत गुरफटलेले असतात, साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत. अवरक्त किरण तेवढे धुळीतून बाहेर येतात. मोठ्या दुर्बिणींनी त्या किरणांत घेतलेले फोटो सर उतरवून घेतात, एक जुना, एक नवा. आजूबाजूचे तारे एकावर एक जुळवायचे आणि वायूचा ठिपका किती सरकला ते पाहायचं. हा वायू एका सेकंदात पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या सावनेरला जाऊन परत येईल इतका पळतो, आणि फोटोत मात्र दहा वर्षांत केसभर सरकतो. त्या केसापायी सर जेवायचे विसरतात आणि भाकरी गार झाली म्हणून माझ्यावर रुसतात.

"एका फोटोत काही समजत नाही," हे त्यांचं पालुपद. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं, तर दहा वर्षांनी दुसरा फोटो आणा, मग अभिनंदन करतो म्हणतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी प्रगतीवर भाषण केलं, तेव्हा सरांनी फाटकासमोरच्या खड्ड्याचे दोन फोटो पुढे ठेवले. खड्डा दोन वीत वाढला होता. प्रगती आहे, सर म्हणाले, फक्त कोणाची ते सांगायचं राहिलं. तेव्हापासून सेक्रेटरी त्यांना तिळगूळ देत नाहीत.

मी बाहेरून दहावीला बसते. गणितात दोनदा नापास झाले. जवळच्या दवाखान्यात कायमची नोकरी मिळत होती, पण दहावी पास असेल तरच. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मी वरण करपवलं आणि सांगितलं, यंदा बसत नाही.

"काहून वं?"

"मी आहे तिथंच आहे, सर."

सरांनी फाईल काढली. त्यांनीच घेतलेले माझे दोन सराव पेपर, मागच्या वर्षीचा आणि यंदाचा, प्रश्न तेच. दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले.

"प्रश्न हलले नाहीत, ते तारे समज. आता स्वतःले पाह्य. मागच्या साली पहिल्याच ओळीत अडकली होती. आता शेवटच्या ओळीत चुकून राहिली."

फाईलमधून आणखी दोन फोटो खाली पडले. दोन्ही व्हरांड्यातले. एकात वेताच्या खुर्चीत बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, हसत बसलेल्या, शेजारी सर उभे. दुसऱ्यात खुर्ची रिकामी, सर तिथंच उभे. बाई माझ्या येण्याआधी वारल्या, एवढं मला ठाऊक होतं.

यात काय मोजता, मी विचारलं.

"मले," सर म्हणाले. "खुर्चीले तारा समजून मोजतो. अजून केसभर बी नाही सरकलो."

मग छत्री घेऊन तेच माझ्याबरोबर फॉर्म भरायला आले.

पास झाले, नोकरी लागली, की पहिल्या सुट्टीत सरांना वेंगुर्ल्याला नेणार आहे. समुद्रात घोटाभर पाण्यात उभं करून त्यांचा फोटो काढणार. खुर्ची इथंच राहील, खुणांवर. त्यांचे उपकार मी आणखी कसे फेडणार? परत आलो की तो फोटो त्या दोन्हींशेजारी ठेवीन आणि म्हणेन, आता मोजा, सर.