सोळावा सोमवार, मुक्काम वेल्स

“तिसरा वाटा गाईचा. नुसता ठेवून यायचं नाही हं. ती खाईपर्यंत समोर उभं राहायचं, आणि मगच घरात पानं घ्यायची.”

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी सोमवारी संध्याकाळी प्रमोदिनी चूर्मा कुस्करायला बसली, की तो बारीक, ठाम आवाज तिच्या कानाशी येऊन बसायचा. सोळा सोमवारांचं व्रत, चूर्म्याचे तीन वाटे: एक देवाचा, एक घरचा, एक गाईचा. मध्येच एखादा सोमवार चुकला तर पहिल्यापासून सगळं परत. यात प्रमोदिनीला काही जाचक वाटत नव्हतं. अडचण एवढीच होती, की ती राहत होती फुजैराला.

फुजैरात तेलाच्या टाक्या होत्या, जहाजं होती, आणि बैल तर असे होते की मालक त्यांना खजूर भरवून वाढवायचे आणि समुद्राकाठच्या मैदानात त्यांच्या झुंजी लावायचे. गाय मात्र चैत्रातल्या पहिल्या सोमवारी तीन तास शोधल्यावर मिळाली. डोंगराकडच्या वाडी रस्त्याला, म्हणजे कोरड्या नदीकाठच्या वाटेला, एका अरबाच्या खजुराच्या बागेत तहा नावाचा राखणदार आणि त्याची बायको मैमुनाबी राहायचे. हैदराबादकडची माणसं. त्यांच्याकडे एक तांबडी गाय होती. मैमुनाबीने व्रताचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तेव्हापासून मोजदाद तिनेच हातात घेतली. “बाजी, आज तेरवाँ ना? तीन रै गये बस,” असं मागच्याच सोमवारी ती म्हणाली होती.

व्रत होतं मुलासाठी, सत्यजितसाठी. तो वेल्समध्ये ॲबरिस्टविथला शिकत होता. गेल्या वर्षी एका विषयात अडकला, आणि यंदा मार्चपासून तीन महिने घरी फोन केला की कॅमेरा बंद ठेवायचा. त्या काळ्या चौकोनाकडे बघत प्रमोदिनीने मनात सोमवार बोलले. जूनमध्ये निकाल लागला, पोरगा पास झाला, कॅमेरा उघडला. देवाने आपलं काम आधीच करून टाकलं होतं. राहिलं होतं ते तिचं.

आणि पदवीदानाला सगळ्यांनी जायचं ठरलं. नुसतं जायचं नाही, तर पुढे पाच दिवस गाडीने वेल्स फिरायचं: डोंगर, गावं, किल्ले.

प्रमोदिनीचे यजमान गोपीनाथराव बंदरावर जहाजांचं वेळापत्रक लावायचे. कुठलं जहाज कधी धक्क्याला लागणार, किती तास थांबणार, कधी सुटणार. सहलही त्यांनी तशीच लावली होती. एक्सेलच्या फाइलची तेविसावी आवृत्ती चालू होती. हार्लेकचा किल्ला: आगमन दहा वीस, प्रस्थान अकरा पन्नास, बफर पंधरा मिनिटं. शेवटच्या रकान्यात ‘रिस्क’, आणि त्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला एकच शब्द: ‘रिव्हर्स’. कारण वेल्सच्या आतल्या रस्त्यांवर एकच गाडी मावते, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच मागे जायचं असतं, असे व्हिडिओ ते रोज जेवताना बघत होते. तीनशे मीटरचा टँकर एका फोनवर हलवणारा माणूस, पण गेला महिनाभर रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेण्याचा सराव करत होता. वॉचमनला वाटायचं, साहेबांची जागा हरवलीय.

सोळावा सोमवार सहलीत येतो हे प्रमोदिनीने कॅलेंडरवर बघितलं. नवऱ्याला सांगायचं म्हणजे चोविसावी आवृत्ती. तिने आधी सत्यजितला विचारलं. तो म्हणाला, आई, इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. ती म्हणाली, मेंढीचं मी काय करू.

मग तिने मुलीला, शर्वाणीला, हळूच गाठलं. सोळा वर्षांच्या शर्वाणीने दहा मिनिटांत हार्लेकच्या मागच्या डोंगरात शेतावरचं एक घर शोधून काढलं. रविवारी रात्री मुक्काम, अंगणापलीकडे गोठा, चौदा गाई. गोपीनाथरावांना ते पसंत पडलं, कारण पार्किंग प्रशस्त होतं. बायकोला गाई आवडतात, एवढंच त्यांना कळलं. प्रमोदिनी खोटं बोलली नव्हती. त्यांनी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी त्या शेताचा फॉर्म आला. गोपीनाथराव तो मोठ्याने वाचत भरत होते. पाळीव प्राणी बरोबर? नाही. धूम्रपान? नाही. येण्याआधीच्या चौदा दिवसांत ब्रिटनबाहेर गाई-गुरांशी संपर्क येणार आहे का? नाही.

“त्याला हो म्हणा,” स्वयंपाकघरातून प्रमोदिनी म्हणाली.

“कशाला?”

“गाईच्या प्रश्नाला.”

“कुठली गाय?”

“तांबडी आहे. वाडीवरची.”

गोपीनाथरावांनी चष्मा काढला. आपली बायको दर सोमवारी वाडीवर जाऊन येते म्हणते, ती कुणा मैत्रिणीकडे भजनाला जाते असा त्यांचा समज होता. तिसरा वाटा कुठे जातो हा प्रश्न त्यांना तेरा सोमवारांत पडला नव्हता, कारण दुसरा वाटा त्यांना वेळेवर मिळत होता.

“मम्मा, इट्स अ काऊ,” शर्वाणी म्हणाली. “हू विल टेल देम? द काऊ?”

“देव काय झोपलाय?” प्रमोदिनीने एवढंच म्हटलं. तिचा आवाज चढत नसे, त्यामुळे तिच्याशी भांडण सुरूच करता येत नसे.

तोवर फॉर्म ‘नाही’ म्हणून निघून गेला होता. गोपीनाथरावांना घाम फुटला. खोटं डिक्लरेशन म्हणजे बंदरात जहाज काळ्या यादीत. त्यांनी ताबडतोब दुरुस्तीचा मेल लिहायला घेतला, आणि घोळ झाला तो तिथे. दुसऱ्या कुणी दोन ओळी लिहिल्या असत्या. गोपीनाथरावांनी, जहाज लागण्यापूर्वी देतात तसं, संपूर्ण निवेदन दिलं. संपर्काच्या तारखा, एकूण तेरा. प्राण्याचा रंग. प्रत्येक वेळी दिलेलं खाद्य, अंदाजे नव्वद ग्रॅम, गहू, गूळ आणि तूप. प्राण्याची प्रकृती: बाह्यतः उत्तम, स्वभाव शांत. पुढील नियोजित संपर्क: दोन. त्यानंतर, आपल्या आवारातील गाईला सोमवारी हेच खाद्य देण्याचा मानस आहे. खाली सही, हुद्दा आणि कंपनीचा शिक्का.

दुपारी उत्तर आलं. शेताच्या मालकीणबाईंनी अतिशय नम्रपणे बुकिंग रद्द केलं होतं.

मग बाकीची पडझड सुरू झाली. पदवीदानाचे दिवस, त्यात तिथल्या शाळांच्या सुट्ट्या, रविवारी रात्रीसाठी आसपास एक खोली मिळेना. मिळाली ती दोन तास मागे, साडेपाचशे दिरहॅमला. “म्हणजे जवळजवळ तेरा हजार रुपये, झोपायचे,” गोपीनाथराव स्वतःशीच म्हणाले. तिथे राहायचं तर हार्लेक सोमवारी ढकलायचं. हार्लेक सोमवारी, म्हणून कार्नारव्हन मंगळवारी. कार्नारव्हन मंगळवारी, म्हणून कॉनवीचा किल्ला बाहेरून, बंद झाल्यावर. आणि मग मँचेस्टरचं विमान गाठायला पहाटे अरुंद रस्त्याने दीड तास. रिस्कच्या रकान्यात त्यांनी ‘रिव्हर्स, अंधार’ असं लिहिलं आणि ते शब्द लाल केले. संध्याकाळपर्यंत अख्खा तक्ता लाल झाला होता.

“एक जहाज धक्क्यावरून हललं नाही ना, की मागची सगळी रांग बाहेर समुद्रात उभी राहते,” ते म्हणाले. “आणि इथे काय हलत नाहीये? तर एक गाय.”

 प्रमोदिनीला रडू येत होतं, पण संध्याकाळची दिवेलागण व्हायची होती. तिने दिवा लावला, रामरक्षा म्हटली, आणि परत येऊन नवऱ्यासमोर बसली. आता ते तोडगे सुचवू लागले होते. रस्त्याकडेच्या कुठल्याही कुरणातल्या गाईला, कुंपणावरून, पटकन? ती म्हणाली, दुसऱ्याच्या गाईला न विचारता घालायचं म्हणजे चोरून दान केल्यासारखं. मग, सोळावा सोमवार परत आल्यावर? ती म्हणाली, सोमवार काय विमानाने येतो? मग सहलच पुढे ढकलायची? आता मात्र तीच घाबरली. मुलगा काळा झगा घालून मंचावर चढणार, आणि आईबाप फुजैरात चूर्मा कुस्करत बसणार. हे कुठल्या देवाला आवडेल?

“मग यातून वाट कुठली?” गोपीनाथरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, नुसती काळजी होती, आणि तेच तिला जास्त लागलं.

“मी लिहिते त्या बाईंना,” ती म्हणाली.

तिने मराठीत सांगितलं, शर्वाणीने इंग्रजीत लिहिलं. पाच ओळी होत्या. माझा मुलगा खचला होता. मी देवाला शब्द दिला. त्यात गाईला एक घास घालायचा असतो. तुमच्या गाईंना आमच्यामुळे काही होऊ नये, हे मलाही वाटतं. तुम्ही म्हणाल तसं करीन. शर्वाणीने त्यात एक शब्द पदरचा घातला नाही. पाठवताना मात्र ती म्हणाली, “मम्मा, धिस इज ॲक्च्युअली गुड.”

रविवारी सकाळी उत्तर आलं. मालकीणबाईंना दोन मुलगे होते, त्यातला एक चार वर्षं परीक्षा देत होता. त्यांनी लिहिलं होतं, या. पण दोन गोष्टी. स्वयंपाकघरातलं शिजलेलं काही आमच्याकडे गुरांना घालत नाहीत. कोठारातले गहू मी देईन, ते तुम्ही तुमच्या हाताने घाला. आणि जो येईल त्याने आधीचे चौदा दिवस बाहेरच्या गुरांजवळ जायचं नाही. त्याला मात्र इलाज नाही.

“कोरडे गहू चालतील?” गोपीनाथरावांनी भीतभीत विचारलं.

“गहू म्हणजे चूर्म्याचं माहेरच की,” प्रमोदिनी म्हणाली. चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला. चौदा दिवस. गोपीनाथरावांनी बोटं मोजली, मग कॅलेंडर बघितलं, मग परत बोटं मोजली. चौदावा सोमवार उद्या. पंधरावा पुढच्या आठवड्यात. दोन्ही त्या चौदा दिवसांच्या आतच. मैमुनाबीच्या गाईला घास घालावा, तर सोळावा सोमवार गेला. न घालावा, तर चौदावा.



“घरातल्या दुसऱ्या कुणी घातला तर?” गोपीनाथरावांनी विचारलं.

प्रमोदिनीने विचार केला. अशा बाबतीत ती घाईने बोलत नसे. “शंकर एकटा कुठे बसतो? पार्वतीला घेऊनच बसतो,” ती शेवटी म्हणाली. “जोडीदाराने घातला तर चालेल. पण शर्वाणी नको.”

“म्हणजे मी.”

“अहो, पण तुम्हाला गाईची भीती वाटते.”

“भीती नाही. अंतर ठेवतो,” ते म्हणाले. मग लॅपटॉप उघडून त्यांनी चोविसावी आवृत्ती सुरू केली. रविवार रात्र, शेतावरचं घर: प्रमोदिनी, शर्वाणी, सत्यजित. त्याखाली वेगळ्या ओळीत स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, खाली गावातल्या खानावळीवरची खोली. संसर्गाचा संशय असलेलं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून थांबतं, तसे ते एक रात्र थांबणार होते. शेतापर्यंतच्या अरुंद रस्त्याने गाडी सत्यजित नेणार. रिस्कच्या रकान्यातला ‘रिव्हर्स’ त्यांनी खोडला तेव्हा, सगळा तक्ता हिरवा होण्याआधीच, त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता आली ती प्रमोदिनीच्या नजरेतून सुटली नाही. तिने ती कुणाला सांगितली नाही.

रात्री तिने त्यांना बजावलं, की उपास तिचा आहे. त्यांना पित्त होतं, तर त्यांनी डबा नेहमीसारखा खायचा. ते बरं म्हणाले.

सोमवारी ते साडेपाचला घरी आले, आंघोळ करून पूजेला तिच्या शेजारी बसले. एरवी आरतीला मागून टाळी वाजवणारा माणूस, आज हात जोडून नीट बसला होता. पूजा झाली. तिने चूर्म्याचे तीन वाटे केले आणि तिसरा छोट्या डब्यात भरून त्यांच्या हातात दिला. सूचना भरपूर होत्या. घास तळहातावर ठेवायचा, बोटं आत घ्यायची नाहीत. ती मान हलवते, घाबरायचं नाही. आणि मैमुनाबीला सांगा, पुढच्याही सोमवारी तुम्हीच.

“ती खाऊन संपवेपर्यंत थांबतो,” ते म्हणाले. “तू काळजी करू नको.”

त्यांनी जुने बूट पिशवीतून काढून घातले. ते वेल्सला न्यायचे नाहीत, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मग त्यांनी दार अलगद ओढून घेतलं. लिफ्टचा आवाज खाली गेला.

प्रमोदिनी ओट्याशी वळली. घासायची भांडी गोळा करताना तिने त्यांचा ऑफिसचा डबा उचलला. तो जड लागला म्हणून उघडला. पोळ्या घडीच्या घडी तशाच होत्या. भाजीला चमचा लागला नव्हता. ताकाची बाटलीसुद्धा भरलेली.

ती डबा तसाच हातात धरून खिडकीशी गेली. सूर्य डोंगरामागे गेला होता आणि खाली उन्हाची झळ अजून रस्त्यावरून हलत होती. पार्किंगमधून त्यांची गाडी अगदी सावकाश बाहेर पडली. शेजारच्या सीटवर डब्याला त्यांनी पट्टा लावला होता. वळणावर थांबून, कुणी येत नाही हे दोन्हीकडे बघून, ते वाडीच्या रस्त्याला लागले.