डबल बेल

"आठ दिवस द्या मला! आबांना ऑटोमॅटिक करून दाखवते!" गंधालीने पोह्यांच्या बशीवर चमचा आपटून जाहीर केलं.

अकरावीत गेल्यापासून तिला सगळंच येत होतं. गाडी चालवायचं वय झालं नव्हतं एवढीच काय ती अडचण, आणि तीही तिची नव्हती, सरकारची होती!

भानगड अशी होती. आबा म्हणजे तिचे आजोबा, मार्तंड. एकतीस वर्षं मुंबईत बस चालवली, कुणाला खरचटूही दिलं नाही. डावा गुडघा कुरकुरायला लागला म्हणून बाबांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लचच नाही, डाव्या पायाला सुट्टी! दर गुरुवारी आबा आजीला शेजारी बसवून मुलुंडहून चेंबूरला तिच्या बहिणीकडे न्यायचे. त्या दिवशी सकाळीच दाढी, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. बाकीचे सहा दिवस ते नुसते रिटायर्ड असायचे.

पण चार महिन्यांत गाडी तीनदा गॅरेजात जाऊन आली. शेवटच्या खेपेला मेकॅनिक सुयोगने बाबांना बाजूला घेतलं. "साहेब, ब्रेकपॅड पापडासारखे झालेत. गिअरबॉक्सचं तर विचारूच नका. गाडी चालवतं कोण?"

बाबा घरी येऊन म्हणाले, "आबा, आता आणखी एकदा काही झालं की किल्ली माझ्याकडे."

आजीने स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं.

म्हणून ही घोषणा!

पहिल्या दिवशी गंधाली वही घेऊन मागच्या सीटवर बसली आणि गुन्हे टिपले. आबांचा डावा पाय मेळ्यात हरवलेल्या भावासारखा क्लच शोधायचा, आणि तो सापडेना म्हणून ब्रेकवरच मुक्काम ठोकायचा. पुलाच्या उतारावर गाडी न्यूट्रल! "पेट्रोल वाचता गो!" आणि गाडी मागे सरकत असतानाच खाडकन पुढचा गिअर!

"आबा, आधी पूर्ण थांबवायची, मग गिअर! आतले दात झिजतात!"

"थांबलेलीच होती."

"सरकत होती!"

"एवढी तर डेपोत उभी असलेली बसपण सरकते!"

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी आजी मटार सोलता सोलता म्हणाली, "यांना सांगून कळत नाही गं. यांना बेल लागते."

गंधालीच्या डोक्यात हॅलोजन पेटला! आबांनी जन्मभर बायकोचं ऐकलं नसेल, साहेबाचं ऐकलं नसेल, पण कंडक्टरच्या बेलचं ऐकलं होतं. एक बेल, थांब. डबल बेल, चल! तिने आपल्या जुन्या सायकलची बेल काढून आणली.

ट्रिंग! गाडी जागच्या जागी थिजली. आता गिअर. ट्रिंग ट्रिंग! गाडी लोण्यासारखी निघाली. डाव्या पायाचं काय? डावी चप्पल तिने चक्क चिकटपट्टीने मॅटला चिकटवली!

गुरुवारी तर धमाल झाली. "पुढे चला, दारात उभं राहू नका!" गंधाली मागून ओरडली.

"एक चेंबूर द्या हो," आजी म्हणाली.

"सुट्टे द्या, आजीबाई!"

आबा हसले. घाटकोपर ते चेंबूर हसत होते. गाडीने एकदाही हिसका दिला नाही.

रविवारी परीक्षा. बाबा पुढे, गंधाली मागे, बेल हातात. हायवेला जाऊन आले, एक चूक नाही! "आबा, झकास हो!" बाबासुद्धा म्हणाले. उरलं फक्त सोसायटीच्या उतारावर गाडी मागे घेऊन लावणं. गंधालीने एक बेल दिली. आबा पूर्ण थांबले. रिव्हर्स टाकला. आणि डबल बेलची वाट बघत शहाण्या मुलासारखे बसून राहिले.

तेवढ्यात मागून प्रीतम पाववाला सायकलवरून आला. गाडीचा रिव्हर्सचा पांढरा दिवा पाहून त्याने इशारा दिला.

ट्रिंग ट्रिंग!

आबा निघाले.

गंधालीचं बोट अजून हवेतच होतं. "ब्रेक! ब्रेक!" बाबा किंचाळले. चार महिने आपणहून ब्रेकवर जाऊन बसणारा तो डावा पाय आज मात्र शिस्तीत मॅटवर होता. तिनेच चिकटवला होता.

धाड! प्रीतमने तगरीच्या झुडपात उडी टाकली. सायकल बंपरखाली. आणि शाळा सुटल्यासारखे पाव उतारावरून धावत सुटले. एक तर थेट वॉचमनच्या बुटाशी जाऊन थांबला!

आबा एका पायात चप्पल घालून उतरले. आधी प्रीतमचे हातपाय चाचपले. "लागला काय रे?"

"नाही काका. पण मी बेल मारली होती ना!"

"हो रे. ऐकली मी."

मग खाली बसून त्यांनी एकेक पाव उचलला. शेवटचा टोपलीत ठेवला आणि किल्ली बाबांच्या हातावर.

"आबा, अहो, नुसता बंपर तर..."

"माझी चूक आहे!" गंधाली रडायलाच लागली. "बेल माझी होती!"

"बेल कंडक्टरची असते गो बाय," आबा म्हणाले. "आरसा ड्रायव्हरने बघायचा असतो."

आता गुरुवारी आजी बहिणीशी फोनवर बोलते. आबा दाढी कधीही करतात.

रोज सकाळी खाली प्रीतमची डबल बेल वाजते आणि गॅलरीतल्या खुर्चीत आबांचा उजवा पाय हळूच फरशी दाबतो. गंधालीने ते एकदा पाहिलं आणि तिला बघवेना. तिने सुयोगकडून जुना रबरी भोंगा मागून आणला आणि बेल काढून प्रीतमच्या सायकलला तो बसवला. पों पों!

चौथ्या दिवशी आबांनी चहा पिता पिता विचारलं, "त्या पाववाल्याची बेल खंय गेली गो?"

"का आबा?"

"काय नाय. दोन बेल वाजल्या की वाटायचा, आता निघायचा आसा."

गंधाली तशीच अनवाणी खाली धावली. बेल परत बसली. भोंगा मात्र प्रीतम सोडेना, त्याला आवडला होता! त्यामुळे आता रोज सकाळी पों पों, ट्रिंग ट्रिंग, दोन्ही वाजतं. सोसायटीच्या फळ्यावर गंधालीच्या नावाने नोटीस लागली आहे. नोटिशीत शुद्धलेखनाच्या पाच चुका आहेत.

तिने अजून एकही सांगितलेली नाही.