सुखदेवभाऊंचा न चावणारा मासा

अशा जवळ या बरं. तो मोबाइल ठेवा बाजूला. इतक्या दिवसांनी भेटता, अन् तेही अर्धं लक्ष तिकडे! शेजारच्या सुखदेवभाऊंचं सांगते, ऐका.

रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. जन्म रायपुरात गेला, समुद्र कधी पाहिला नाही. पण भाजीवालीलाही व्हेल शार्क सांगतात.

"दीदी, बसएवढा मासा! तीन हजार दात, कामाचा एक नाही. चावतच नाही तो. तोंड उघडते, पाणी घेते, कल्ल्यातून गाळून सोडते. बारीक झिंगे, माशांची अंडी, बस."

ती म्हणते, "हव भैया, फेर भांटा लेहू के नइ?" म्हणजे, वांगी घेता की नाही, ते बोला!

एका लग्नात तर नवऱ्याच्या मामाला पंगतीत गाठलं. "कचरा अडकला का खोकून बाहेर टाकते जी!" मामा वरणभात टाकून उठले.

हे खूळ आलं कुठून? त्यांच्या बायकोला, कुसुमला, अन्ननलिकेचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. भाऊ भाताची पेज मलमलच्या फडक्यातून गाळतात, चमच्या-चमच्यानं पाजतात. तिनं तोंड फिरवलं की मासा सुरू. "एवढं धूड गाळलेल्यावर जगते, तू काहून नाही जगणार?"

बाकी घरात चूल बंद. तिच्यासमोर कोणी खायचं नाही, खाण्याचं नाव काढायचं नाही. आल्यागेल्याला चहा नाही. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना कंजूस म्हणायचे. मीही म्हटलं, आता जीभ चावते. भाऊ स्वतः खानावळीचा डबा माझ्या ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून खायचे.

मागच्या आठवड्यात ते औषध आणायला गेले, मी कुसुमजवळ बसले. ती हळूच म्हणाली, "ताई, आज काय रांधलं?"

मी तिचं पांघरूण नीट करू लागले.

"सांग न व. या घरात फोडणीचा वास नाही. मराच्या आधीच मेल्यासारखं वाटून राहिलं मले. कोणी माह्यासमोर पोटभर जेवन का?"

भाऊ आले, तसं मी सांगून टाकलं. पिशवी हातात धरून ते दारातच उभे. "मले वाटलं, तिले त्रास होईन." एवढंच. मासा काही निघाला नाही तोंडातून.

त्यांच्याच गॅसवर मी झुणका टाकला, लसूण चांगला करपू दिला. भाकरी थापल्या. भाऊ तिच्या खाटेसमोर ताट घेऊन बसले. पहिला घास तोंडातच फिरत राहिला, डोळ्यांतून पाणी. कुसुमनं उशीवरून मान उचलली.

"ताई, वाढ त्याईले. अजून अर्धी घ्या न जी, लाजता काय?"

कितीतरी महिन्यांनी ती घरची बाई झाली. त्या दिवशी तिनं भाऊंना तीन भाकरी खाऊ घातल्या, नुसत्या आग्रहानं. आता रोज विचारते, आज कोण येणार जेवायला?

दिवस तिचे फार नाहीत. तुम्ही तिच्याकडे जेवायला लवकर या. भुकेल्या पोटी या, अन् ती घ्या म्हणाली की नाही म्हणू नका.