चाळीस चिंचोके आणि चूलबंद आवतन

रोडगे किती जणांचे करायचे, एवढंच ठरवायचं होतं. ते मी नातीला, अपेक्षाला, विचारून बसलो (न विचारता चुकलो असतो, तर निदान दोन दिवस वाचले असते).

थोरल्या नातीला, वर्षालीला, मुलगी झाली म्हणून माझ्या बायकोनं, रुख्माबाईनं, रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या जेवणाचा, नवस बोलला होता. पंगतीतून एक माणूस जरी उपाशी उठलं तरी नवस फिटत नाही, असं तिचं ठाम मत. आठ घरची चाळीस माणसं जेवायला सांगायची होती. धाकटी नात अपेक्षा वर्ध्याला कॉलेजात शिकते. सांगितल्यापैकी येतात किती, असं तिनं विचारलं. मागच्या कार्यक्रमाला निम्मे आले होते, मी सांगितलं.

"मंग सिम्युलेशन करू, आबाजी."

म्हणजे खोटीखोटी पंगत. चाळीस फोडलेले चिंचोके फेकायचे. पांढरी बाजू वर, तर पाहुणा आला. काळी वर, तर घरी राहिला. असं पन्नास वेळा. मी शाळेत गेलो नाही, पण मोजायचा मला कंटाळा नाही. दोन दिवस ओसरीवर वाकून मोजलं. कंबर धरली. एक पाहुणा कोंबडीनं पळवला, त्याच्या जागी दुसरा फोडला. पन्नासांत एकदाही सत्तावीसच्या वर कोणी आलं नाही.

तिसांचे रोडगे खूप झाले, असं अपेक्षानं ठरवलं.

"अन् चाळीसही आले तं?" रुख्माबाईनं विचारलं.

"आजी, तशी शक्यता नसल्यासारखीच हाय."

चाळीसही आले. शेजारचे प्रभाकरराव तर दुखत्या गुडघ्याला पट्टा बांधून आले. तीस जण जेवले. दहा जण रिकाम्या पत्रावळीसमोर बसून गोवऱ्यांच्या धुराकडे पाहत राहिले. नवे रोडगे भाजायचे म्हणजे दोन तास. रुख्माबाईनं दबक्या आवाजात मला शेजारून भाकरी आणायला पिटाळलं. ते प्रभाकररावांनी ऐकलं.

"कोनाच्या घरून आनता, चंद्रभानभाऊ? तुमीच तं दारोदारी चूलबंद सांगून गेलते."

मागच्या वेळी मी फोनवर 'जमलं तर या' एवढंच सांगितलं होतं. या वेळी स्वतः गेलो, आणि दारात उभं राहून तसं म्हणायची लाज वाटली. म्हणून प्रत्येक घरी चूलबंद सांगितलं. म्हणजे घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. ज्याच्या घरी स्वयंपाकच नाही तो कशाला थांबेल? (चिंचोक्यांना घरी चूल नसते.)

शेवटी प्रभाकररावांच्या सीताबाई उपाशीपोटी घरी गेल्या, चूल पेटवली, भाकरी थापल्या, आणि आमच्याच मांडवात आणून दहा जणांना वाढल्या. रुख्माबाई तोंडाला पदर लावून बघत होती.

पाहुणे गेल्यावर अपेक्षा हळूच म्हणाली, "आजी, सिम्युलेशन नाई चुकलं. त्याच्यात टाकलेली माहिती चुकली."

रुख्माबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"मले काय सांगतं? त्या माहितीसंगं पन्नास वर्षं संसार केला म्या."