नीलव्वांची बोलकी भाकरी

सोलापुरात भाकरीला ‘नको’ म्हटलं, की ती ताटातून उठते आणि चुलीकडे परत जाते. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. ते ‘नको’ म्हणतच नाहीत.

भानुदास आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. टॉवेलच्या गोदामावर रखवालीला ते माणदेशातून आले होते. त्यांच्याकडची रीत अशी, की दुसरी भाकरी आली की आधी नको म्हणायचं, मग पुरे म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मान खाली घालून खायचं.

नऊ दिवसांत आबांनी चार खानावळी पालथ्या घातल्या. दरवेळी दुसरी भाकरी ताटात पडे, आबा ‘नको, नको’ म्हणत, आणि भाकरी अंगावरचं पीठ झटकून भिंतीच्या कडेनं चालू लागे.

“अहो, थांबवा की तिला!” आबा एकदा मालकाला म्हणाले.

“कशी थांबवू? तुम्हीच नको म्हणालात.”

“ते तसं म्हणायचं असतं हो.”

“मग ते तिला आधी सांगायचं.”

“लिहून आणू का कुणाकडनं?”

“तिला वाचता येत नाही,” मालक म्हणाला.

दहाव्या दिवशी आबा गोदामाच्या दाराला धरून उभे होते. शिंगाडे मुकादम म्हणाले, “आबा, एक तर हो म्हणायला शिका, नाहीतर रविवारी गावाकडं जा. असा अर्धपोटी माणूस मी ठेवू कसा?”

आबांनी खोलीत भिंतीकडे बघून बारा वेळा ‘हो’ म्हणून पाहिलं. भिंतीसमोर जमत होतं. ताटासमोर जमेना.

शनिवारी दुपारी गोदामामागच्या बोळात त्यांना नीलव्वांची खानावळ दिसली. पाटी नव्हती, पण शेंगांच्या चटणीचा वास होता. पहिली भाकरी संपली, दुसरी आली.

“नको,” आबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

भाकरी उठली. ताटाच्या काठापर्यंत गेली आणि वळली. “अर्धी तरी,” ती म्हणाली.

“पुरे झालं.”

“काय पुरे? वांग्याचा रस्सा तसाच राहिलाय. तो काय नुसता पिणार?”

आबांनी नीलव्वांकडे पाहिलं. “बोलते ही?”

“थापताना मी बडबडते ना, आबा. थोडं उतरतं तिच्यात.”

“माझ्या गळ्याची आण,” भाकरी म्हणाली.

आबांनी मान खाली घातली. मोडताना ती हळूच म्हणाली, “काठाकडनं घ्या. तिथं कडक आहे.”

रविवारी मुकादम शोधत आले, तेव्हा आबा तिसरीवर होते.

“मग, जाताय का गावाकडं?”

“राहतो,” आबा एका दमात म्हणाले.

मुकादमांना बरं वाटलं; ते शेजारी बसले आणि ताट पुढं ओढून म्हणाले, “नीलव्वा, वाढा.”

तव्यावरची भाकरी जागची हलली नाही.

“वाढा की!”

आबा त्यांच्या कानाशी वाकले. “आधी नको म्हणा,” ते म्हणाले. “आता हिला आग्रह केल्याशिवाय चैन पडत नाही.”

मुकादम जन्माचे सोलापूरचे. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आबांनी आपला घास ताटात ठेवला आणि त्यांच्यासाठी थांबले.