शिल्लक आपोआप

आमच्या कंपनीच्या गेटमधून आत आलं की डाव्या हाताला एक फळा आहे. त्यावर ‘अपघाताविना दिवस’ असं रंगाने लिहिलंय आणि पुढे खडूने आकडा. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, कुणालाही न विचारता, बोराटे अण्णांनी आणखी एक ओळ घातली होती : ‘शिल्लक आपोआप’. रोज सकाळी साडेआठला अण्णा कालचा आकडा बोटाने पुसून आजचा लिहायचे. एकदा ऑडिटला आलेल्या पाहुण्यांनी ती ओळ वहीत टिपून घेतली आणि मला विचारलं, “हे सेफ्टीमधलं काही नवीन आहे का?” मी बेधडक हो म्हणून टाकलं.

आता आपोआप म्हणजे काय ते सांगते. चाकणला आमचा गाड्यांच्या ब्रेकचे छोटे भाग बनवायचा कारखाना. कुठला माल कुठवर आलाय हे कळावं म्हणून साहेबांनी एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं आणि ते सांभाळायला मला बसवलं. त्यात प्रत्येक ऑर्डरचं एक कार्ड असतं. मशीनवरून माल उतरला की कार्ड ‘तपासणी’त सरकवायचं, की तपासणीतल्या शिंदेच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. तपासणी झाली की पॅकिंगच्या सविताताईंना जातो. मेख एवढीच, की आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला असे मेसेज किंवा आपोआप होणारे बदल ठरावीकच मिळायचे. ते संपले की कार्डं सरकायची, पण पुढच्या एक तारखेपर्यंत कुणालाही काही कळायचं नाही. माल तपासणीच्या दारात पडून राहायचा आणि गिऱ्हाइकाचे फोन साहेबांना यायचे.

म्हणून साहेबांनी या लिमिटची राखण अण्णांकडे दिली. माणूस अगदी योग्य निवडला होता. अण्णा मूळ मोशीचे, आणि सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढलेली. जुना हातमोजा फाटलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी कधी नवा दिला नाही. ऑटोमेशन हा शब्द त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी त्याचं ‘आपोआप’ केलं आणि आठवड्याभरात अख्खी कंपनी तेच म्हणायला लागली.

“मॅडम,” माझ्या खुर्चीमागे येऊन ते म्हणायचे, “हे आपोआप कशापायी ठेवलंय?”

“काम झालं की ‘धन्यवाद’ जातं, अण्णा.”

“काम केलं तर पगार मिळतोय की. धन्यवाद कशाला? काढा ते.”

मी काढलं. मग वाढदिवसांवर संक्रांत आली. कुणाचा वाढदिवस असला की सगळ्यांना मेसेज जायचा. “एका माणसाच्या वाढदिवसाला सव्वाशे आपोआप? लग्नाचं जेवाण हाय का?” तेही बंद झालं. पण मग काय व्हायचं, ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या मशीनपाशी अण्णा स्वतः जायचे. खिशातून लिमलेटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, “मोठा हो. आन् चष्मा घाल, लोखंडाची चिप उडंल डोळ्यात.”

तीच त्यांची सगळ्या गोष्टींची रीत होती. आपोआप वाचवायचं म्हणजे आपण चालत जायचं. “तोंड दिलंय ना देवानं? मग आमी कशाला हावोत?” असं म्हणून ते निघायचे. शिंदेला सांग, सविताताईंना सांग, वाटेत प्रेसवरच्या पोरांची विचारपूस कर, कँटीनवाल्याला कालच्या रश्श्यावरून दोन शब्द सुनाव. दोन मिनिटांच्या निरोपाला अर्धा तास लागायचा. मला राग यायचा. पिंपळे सौदागरहून रोज ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून मी इथे येते ती काय या माणसाची पदयात्रा बघायला, असं वाटायचं.

पण माझं तोंड बंद व्हायचा प्रसंग लवकरच आला. मी हुशारी करून सॉफ्टवेअरमध्ये आपोआप चालणारे दोन नवे नियम घातले होते. कार्ड ‘तपासणी’त गेलं की त्याची तारीख बदलायची, हा एक. आणि तारीख बदलली की कार्ड पुन्हा ‘तपासणी’त सरकवायचं, हा दुसरा. सकाळी चालू करून मी कौतुकाने कॉफी प्यायले. जेवणाच्या सुट्टीत अण्णा डबा अर्धा टाकून आले.

“मॅडम, फळ्यावर काय लिहू? सगळे आपोआप संपलेत.”

“अण्णा, आज नऊ तारीख आहे!”

“व्हय. म्हणून तर विचारतोय.”

त्यांनी स्क्रीनजवळ नाक नेलं आणि यादी वाचत गेले. पहिल्या नियमाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने पहिल्याला. सकाळपासून दोघांनी मिळून महिन्याचा कोटा फस्त केला होता. “हे दोघं दारात उभं राहून ‘आधी तुमी, आधी तुमी’ करत बसलेत,” अण्णा म्हणाले. “आत कोणीच गेलं न्हाई.”

साहेबांना ते काय सांगणार, याचीच मला भीती होती. अण्णांनी सांगितलं, “माझ्या हातून चुकलं, साहेब. मी चालत जाऊन निभावतो.” आणि खरोखर तीन आठवडे ते दिवसभर चालत होते. एकही डिस्पॅच चुकला नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

पुढे कंपनीला मोठी ऑर्डर मिळाली आणि साहेबांनी मोठा प्लॅन घेतला. आता आपोआप इतके, की महिनाभर उधळले तरी अर्धेसुद्धा संपत नाहीत. मी पेढे वाटले. वाढदिवस परत आले, धन्यवादही परत आलं. कुणालाही काही सांगायला कुणी उठायची गरज उरली नाही.

आणि अण्णा खुर्चीत बसून राहायला लागले. फळ्यावरची ओळ त्यांनी स्वतःच पुसली. आधी मला वाटलं, बरं झालं, गुडघ्यांना आराम. पण दोन आठवड्यांत हा माणूस नीट जेवेनासा झाला. खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या पाघळून कागदाला चिकटल्या. एका दुपारी मी विचारलं, “अण्णा, बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय?” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, डब्याचं झाकण लावता लावता, “आमची मंडळी बेंगळुरूला पोराकडं हाय, नात सांभाळायला. तीन महिन्यांसाठी गेली, त्याला दोन वर्षं झाली. इथनं घरी गेलो की दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनला रामराम करीस्तोवर तोंडातनं शब्द निघत न्हाई. फोनवर बोलायचं तर नात झोपलेली असती. इथं फिरायचो तेवढंच बोलणं व्हायचं, मॅडम.”

 ज्या फेऱ्यांवरून मी चिडत होते, त्यांच्यावर हा माणूस दिवस काढत होता.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले आणि तपासणी आणि पॅकिंगला मेसेज पाठवणारे दोन्ही नियम बंद करून टाकले. अण्णा आल्यावर मी चेहरा शक्य तेवढा पाडून म्हणाले, “अण्णा, घोटाळा झाला. लिमिट संपलं.”

अण्णांनी चष्मा लावला. माझ्या स्क्रीनवर वाकून पाहिलं. शिल्लक आकडा वरच्या कोपऱ्यात ठळक दिसत होता, आणि तो शोधायला अण्णांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी तो वाचला. मग बंद केलेले दोन्ही नियम वाचले. मग माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्ड पुसायला घेतला.

“संपलं म्हणता?”

“संपलं.”

“सगळं?”

“सगळं, अण्णा.”

 मग त्यांनी टेबलाखालचे सेफ्टी शूज ओढले, खाली बसून सावकाश नाड्या बांधल्या आणि ड्रॉवरमधून लिमलेटचं नवं पाकीट काढलं. दारापर्यंत जाऊन परत आले आणि एक गोळी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली.

“लिमिट एवढ्यात भरून घेऊ नका,” ते म्हणाले, आणि शिंदेला निरोप सांगायला निघाले.