खंदारे सर आणि फ्रीजमधल्या काड्या

खंदारे सरांना पाणी देऊ नये. दिलंच तर ते आधी ग्लास उजेडाकडे धरतात आणि विचारतात, "कुठलं?"

परवा औंढ्याला देवळाबाहेरच्या दुकानात हेच झालं. दुकानदाराने आपलेपणाने तांब्या पुढे केला.

"कुठलं?" सर म्हणाले.

"माठातलं."

"त्याच्या आदी?"

"टँकरचं."

"टँकरमदी कुठून आलं?"

"दादा," दुकानदार म्हणाला, "तुमाला प्यायचं हाय का पाण्याशी सोयरीक करायची हाय?"

सरांनी खिशातून काचेची छोटी बाटली काढली, थोडं पाणी तिच्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि उरलेलं शांतपणे प्यायले. मी तेवढा वेळ टांगलेले हार बघत उभा राहिलो. सरांबरोबर हिंडायचं तर असं दुसरीकडे बघत उभं राहायची सवय लागते.

सर आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि माझ्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. मी इतिहास शिकवतो. म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टींवर बोलतो आणि नवीन काही होऊ नये एवढीच इच्छा धरतो. सर शेजारी असल्यामुळे ती कधी पुरी होत नाही.

त्यांचा ध्यास एकच. झाडं पाणी पितात ते नेमकं कुठलं? त्यांनी मला हे इतक्यांदा समजावलं आहे की आता मी झोपेतही सांगेन. सगळं पाणी सारखं नसतं, काही कण जड असतात, काही हलके. ऊन लागलं की हलके आधी उडून जातात. म्हणून उघड्या हौदातलं पाणी जड राहतं, खोल खडकातल्या पाण्याचा हिशेब वेगळा. मूळ जे पाणी ओढतं तेच जसंच्या तसं फांदीत चढतं. फांदी कापायची, साल काढायची, काचेच्या नळीत घालून गार ठेवायची आणि लांबच्या शहरात यंत्र आहे तिथे पाठवायची. यंत्र सांगतं झाड कुठे पितं ते. याला स्थिर समस्थानिकांचा अभ्यास म्हणतात.

"म्हणजे अणुबॉम्बसारखं काही नाही ना?" माझ्या बायकोने, सुनंदाने, घाबरून विचारलं होतं.

"न्हाई वहिनी. हे एकदम गरीब हायेत. कोनाला तकलीफ न्हाई."

तकलीफ मला होती. सरांचा फ्रीज भरला, तेव्हा त्यांनी आमच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा मागितला. चार दिवसांसाठी. ज्या कप्प्यात मटार असायचे तिथे बाभूळ, पळस, मोह आणि चिंच येऊन बसली. लाइट गेली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वहिनी, फ्रीज उघडू नका!" दूध बाहेर नासलं तरी चालेल, पळसाची काडी गार राहिली पाहिजे.

एकदा कनेरगाव नाक्यावर ढाब्यासमोर त्यांनी मोटारसायकल थांबवली आणि बाभळीची काडी सोलायला बसले. कोणीतरी वैदू आला, असं समजून चार माणसं जमली. एका ड्रायव्हरने हळूच मला विचारलं, "मूळव्याधीला चालंल का?" मी नाही म्हणालो तर तो माझ्यावरच चिडला. सरांनी मात्र त्यालाही जड पाणी आणि हलकं पाणी समजावलं. शेवटी नेहमीचं वाक्य टाकलं, "मानूस कायबी सांगतो, झाड खोटं बोलत न्हाई." ड्रायव्हरने थोडी साल खिशात घातलीच.

हे सगळं मी शास्त्राच्या नावाखाली सहन करत होतो. खरी गोष्ट सरांच्या गावी, साखऱ्यात होती, हे मला सासऱ्यांमुळे कळलं.

सासरे गावाकडून आले होते. सकाळी दातून मिळेना म्हणून त्यांनी घर धुंडाळलं, फ्रीज उघडला आणि थोड्या वेळाने तोंडात काडी धरून बाहेर आले. "जावईबापू, सोललेलं, थंडगार दातून! शहरात काय एकेक सोय असते!"

सर नेमके तेव्हाच नळ्या मोजायला आले होते. ते मटकन पायरीवर बसले. "मामा," ते म्हणाले, "तुमी माझ्या मायचा लिंब चावून राहिले."

आमच्याकडे कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात. साखऱ्याला सरांची आई एकटी राहते, तिच्या दारातला तो लिंब. सर शिकायला होस्टेलवर गेले त्या साली तिने लावलेला. तेव्हापासून ती त्याला रोज न्हाणीजवळच्या उघड्या हौदातलं पाणी घालते. लिंब आता घराच्या वर गेला आहे, माय वाकली आहे. हिवाळ्यात ती हौदापाशीच पडली. सर म्हणाले, चल हिंगोलीला. माय म्हणाली, मी आले तर लिंबाला पाणी कोन घालील? म्हणून सरांना सिद्ध करायचं होतं की लिंब स्वतःच्या जिवावर खालचं पाणी पितो. सासऱ्यांनी चावला तो पुरावा होता.

सर मला त्यांच्या घरात घेऊन गेले. मागची खोली रंगवलेली होती. खाट, त्यावर नवी गोधडी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. बाथरूममध्ये हाताला धरायला दांडी बसवलेली. "कवाची तयार हाय," सर म्हणाले. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो होतो. मला फार वाईट वाटलं.

सरांनी पुन्हा काड्या आणल्या, पुन्हा पाठवल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी निकाल मोबाइलवर आला. लिंबाच्या फांदीत हौदाचं पाणी नव्हतंच. सगळं खोल खडकातलं.

खंदारे सर मला म्हणाले, "चला सर, साक्षीदार म्हनून. माय माझं ऐकत न्हाई." मी कंटाळलो होतो, पण गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा माय अर्धी कळशी घेऊन लिंबापाशी निघाली होती. दोन पावलं टाकायची, थांबायची. "जयभीम बाबा," ती मला म्हणाली आणि लेकाकडे वळली. "काय म्हनलं तुजं यंत्र?"

सरांनी मोबाइल काढला.

"बराबर सांग," माय म्हणाली. तिने कळशी खाली ठेवली. "त्यो दुसरीकडून पेत असंल तर मंग मी हितं काहून बसू? येते तुज्या संगट." बोलताना ती लेकाकडे बघत नव्हती. बुंध्यावरून तिचा हात फिरत होता.

सरांना एवढंच तर हवं होतं. मी साक्ष द्यायला तोंडसुद्धा उघडलं.

"तुजंच पेते माय," सर म्हणाले. "दुसरं थेंबभर न्हाई."

"मी म्हनत न्हवते!" माय एवढी हसली की कळशी उचलताना निम्मं पाणी पायावर सांडलं. सरांनी हात लावायला पाहिलं, तिने लावू दिला नाही.

परतताना सेनगावला चहाला थांबलो. पोऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, सरांनी काही न विचारता रिकामा केला. मला राहवलं नाही. "सर, झाड खोटं बोलत नाही म्हणता."

"झाड न्हाई बोलत. मी काय झाड हाय?" मग चहा संपवून म्हणाले, "दर शनिवारी काडी न्यावी लागंल. माय विचारंल ना, ह्या हप्त्यात पेलं का म्हनून. कप्पा राहू द्या तेवढा."

मी हो म्हणालो. सुनंदाने मटारचा नाद केव्हाच सोडला आहे.

मोटारसायकलला किक मारायच्या आधी सर पुन्हा थांबले. "तुमचे सासरे परत कवा येनार हायेत?"

"का? आता काड्यांना हात नाही लावणार ते."

"तसं न्हाई," ते म्हणाले. "आले की माझ्याकडंच झोपू द्या त्यायला. खाट रिकामीच हाय."